डोंगरगाडीचा विसावा

श्रेणिकशेठनं हायवेच्या कडेला पार्क काढलं तेव्हा कोल्हापुरात त्याचं हसूच झालं होतं. रंकाळ्यावर फुकट वारा मिळतोय, भेळ मिळतीय, मग तिकीट काढून बोंबलायला कोण जाणार, असं जो तो म्हणायचा. पण माणूस जिद्दीचा. कुठल्यातरी बंद पडलेल्या पार्कातली रोलर कोस्टर त्यानं विकत घेतली, ट्रकातनं तुकडे आणले, जोडून रंगवून उभी केली. लोकांनी तिचं नाव ठेवलं डोंगरगाडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत जी गर्दी लोटली ती बघून हसणाऱ्यांचे दात घशात गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण शेठनं परदेशातल्या पार्कांची एक व्हिडिओ कॅसेट बघितली. तिकडं म्हणे असल्या गाड्यांना खास संगीत बांधून घेतात. चढताना वेगळं, पडताना वेगळं. झालं! शेठच्या डोक्यात किडा वळवळला आणि त्यानं अतुलला बोलावणं धाडलं.

अतुल राजारामपुरीतल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. हात गोड, स्वभाव तापट, आणि मनात एकच दुखणं. उभं आयुष्य दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात चाललं होतं, आपलं म्हणावं असं काही नव्हतं. लग्नात घसा फुटेस्तोवर गाणाऱ्याला लोक फेटा बांधायचे आणि याला विचारायचे, पावणं, जेवलासा का? त्याचा राग घरी येऊन मीनाबाईवर, म्हणजे आईवर निघायचा. शेठ म्हणाला, संगीत तुझं, गेटावर तुझ्या नावाची पाटी लावतो. त्या पाटीच्या शब्दावर गडी पाघळला.

त्यानं जीव ओतून कीबोर्डवर चाल बांधली. शेठनं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, चांगलीय रे, पण वरातीतली वाटतीय. अंगावर काटा येत नाही. काटा कशानं येतो, तर हलगीनं. हलगी घाल की.

आता हलगीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. ऑर्केस्ट्रातल्या एकदोघांना बोलावून अतुलनं वाजवूनही बघितली. ती नाचायची हलगी होती, तिनं पाय हलले, काटा आला नाही. काटा आणणारी हलगी कुणाच्या हातात आहे हे अतुलला ठाऊक होतं. ती त्याच्या बापाच्या हातात होती, आणि बापानं ती लहानपणानंतर कधी धरली नव्हती.

अतुलचे वडील आबा गारगोटीकडच्या गावचे. त्यांचे वडील पिराजी गावची हलगी वाजवायचे. कुणी मेलं की पिराजीला हाक यायची. ऊन असो पाऊस असो, तिरडीच्या पुढं वाजवत चालायचं आणि परत येताना सगळ्यांच्या मागनं, लांबनं यायचं. वाजवायला चालायचा, पण शिवायला नाही. पोरगा मागं मागं असायचा, त्यामुळं बापाचा हात पोराच्या हातात आपोआप उतरला. पुढं धम्मदीक्षा झाली. पिराजीनं गावाला सांगून टाकलं की आता तुमची मढी तुम्ही न्या, आणि हलगी चुलीत घातली. त्या दिवसापासून घरात हलगीचं नाव निघालं नव्हतं. आबांनी पेटी शिकून घेतली, भीमगीतांची पार्टी काढली, आणि पेटीवरच नाव कमावलं.

अतुलनं विषय काढला तेव्हा आबा जेवत होते. ते ताटावरनं उठले. मीनाबाईनं पोराला चांगलं फैलावर घेतलं. पण अतुल चिकट. तो रोज थोडं थोडं बोलत राहिला: तिथं मढं नाही, गाव नाही, पोरंबाळं हसायला येतात, कलाकाराला खुर्ची मिळती. एक दिवस आबांनी पेटीचं झाकण लावलं आणि विचारलं.

"कुणाच्या म्होरं चालायचं न्हाय न्हवं?"

"न्हाय आबा. बसून वाजवायचं."

"मग एकदा वाजवीन. एकदाच."

आबा पार्कात आले आणि आधी नुसतेच डोंगरगाडीखाली उभे राहिले. शेठनं बसायचा लई आग्रह केला, आबा म्हणाले, मला जमिनीवरच बरं हाय. गाडी साखळीवर खडखडत चढायची, वर गेली की साखळी तिला सोडायची, तेवढ्यापुरती गाडी अडखळायची आणि मग खाली झेपावायची. आबा मान वर करून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी नवी हलगी शेकोटीवर शेकून कडक केली आणि खुर्चीत बसले. त्यांच्या घराण्यात खुर्चीत बसून हलगी वाजवणारे ते पहिलेच. पहिला ठोका पडला आणि रेकॉर्डिंग करणारा माणूस हातातला चहा विसरला.

चढाला संथ ठोके, एकेक पाऊल टाकल्यासारखे. हळूहळू दाटत जायचे. गाडी टोकाला पोचली की हलगी एकदम बंद. काहीच नाही. मग गाडी सुटली की ढगफुटी झाल्यागत हलगी कोसळायची, वळणावळणानं फिरायची, आणि गाडी फलाटाशी यायच्या जरा आधी एक शेवटचा दणदणीत ठोका. अतुलचा कीबोर्ड खाली कुठंतरी होता, मन लावून ऐकलं तर कळायचा.

ती मधली शांतता अतुलला खटकली. आबांनी सांगितलं, तो विसावा आहे. तिरडी नेताना अर्ध्या वाटेत खाली टेकवतात, माणसं खांदा बदलतात. तेवढा वेळ हलगी थांबते. वाजवणाऱ्यानं तेव्हा कान द्यायचा असतो, सगळ्यांचे खांदे लागले का, कुणी 'चला' म्हणालं का. ते ऐकल्याशिवाय पुढचा ठोका टाकायचा नाही, नाहीतर मढं पडतं. एवढं सांगून त्यांनी बोट उगारलं.

"विसावा काढू नगंस. बाकी तुझं तू बघ."

विसाव्याचा खरा उपयोग कळला तो ज्ञानूला. ज्ञानू त्यांच्याच वस्तीतला, चिमणाबाईचा मुलगा, अतुलला दादा म्हणणारा. डोंगरगाडीच्या केबिनमध्ये ब्रेकचा दांडा त्याच्या हातात असायचा. केबिनमध्ये दोन खणांचा टेप होता, एका कॅसेटवर चढाची हलगी, दुसऱ्यावर उताराची. गाडी निघाली की ज्ञानू पहिली लावायचा. ती थांबली की कान टवकारायचा. वरनं साखळी सुटल्याचा खट्ट आवाज आला की दुसरी सोडायचा. लाईटचं काही खरं नव्हतं. व्होल्टेज कमी असलं की गाडी रमतगमत चढायची, बरं असलं की भराभर. पण साखळी सुटल्यावर खाली यायला तिला नेहमी तेवढाच वेळ. त्यामुळं दुसऱ्या कॅसेटचा शेवटचा ठोका बरोबर गाडी आल्यावर पडायचा आणि ज्ञानू त्या ठोक्यावर दांडा ओढायचा.

केबिनमधनं शेवटचं वळण दिसायचं नाही, मध्ये तिकिटांचं पत्र्याचं शेड होतं. म्हणून वळणावर एक माणूस शिट्टी घेऊन उभा असायचा. हलगी आल्यावर ज्ञानू शिट्टीची वाट बघेना, आधीच दांडा ओढायला लागला. शेठनं हे बघितलं, खूष झाला आणि शिट्टीवाल्याला तिकिटांच्या खिडकीत बसवलं. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. माणसं उलट कौतुकानं सांगायची की ही गाडी हलगीच्या तालावर थांबते.

आणि गाडी गाजली की! निपाणीपासनं माणसं यायला लागली. रांगेत उभी राहिलेली म्हातारी माणसं हलगी ऐकून गप्प व्हायची, कुणी नकळत टोपी काढायचं. पोरींचे हात गार पडायचे आणि त्या पुन्हा तिकीट काढायच्या. गेटावर पाटी लागली, संगीत अतुल, मोठ्या अक्षरात. पण पाटी वाचतो कोण? जो तो विचारायचा, हलगी कुणाची? वस्तीत, ऑर्केस्ट्रात, पानपट्टीवर, जिथं तिथं आबांची हलगी. एका लग्नात तर निवेदकानं माईकवरनं ओळख करून दिली, हलगीवाल्या आबांचे चिरंजीव. अतुलनं हसून हात जोडले आणि आतल्या आत जळला. बापाचा हेवा वाटतो हे माणूस कुणाला सांगणार? त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही.

त्यातच सीडीचे दिवस आले. शेठ म्हणाला, त्या कॅसेटी घासल्यात, सीडी करून आण. आणि जाता जाता बोलला की वर गेल्यावर आवाज बंद पडतो, लोकांना वाटतं सिस्टीम बिघडली, तिथं काहीतरी भर. अतुलला पाहिजे तेच मिळालं. साऱ्या संगीतात तेवढीच एक जागा हलगीविना होती. तिथं कीबोर्ड एकटा वाजला तर माणसाला ऐकावाच लागेल. त्यानं त्या विसाव्यात व्हायोलिनांचा मोठा सूर भरला, खालनं वर चढत जाणारा, आणि दोन्ही तुकडे एकाला एक जोडून टाकले. खोटं कशाला बोला, सूर सुंदर होता. आयुष्यात एवढं चांगलं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. आबांना मात्र त्यानं ते ऐकवलं नाही.

चारसहा दिवसांनी ज्ञानू घरी आला. आबा पार्टीबरोबर कार्यक्रमाला गेले होते. ज्ञानू उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला की दादा, नवीन झकास झालंय, पण आता साखळी ऐकू येत नाही. एकदा बटण दाबलं की ते आपलंआपण चालतंय. लाईट कमी असली की ठोका आधी पडतो, ब्रेक लवकर लागतो, माणसं पुढं आदळतात. अतुलचं टाळकं सरकलं. इतक्या दिवसांत त्याच्या सुराबद्दल पहिल्यांदा कुणी घरी येऊन बोललं होतं, आणि बोललं ते हे.

"मग डोळं कशाला दिल्यात तुला? बघून ओढ की."

शेड मध्ये आहे हे अतुलला माहीत होतं. ज्ञानूनं शेडचं नाव काढलं नाही. बरं दादा म्हणाला आणि गेला. मीनाबाईनं चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

दिवाळीची सुट्टी लागली. पार्कात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेठनं गर्दीसाठी डोंगरगाडीच्या डब्यांची दुसरी गाडी काढली होती. एक गाडी फिरायची तोवर दुसरीत माणसं चढायची आणि भरली की पुढं सरकायची. भर दुपारी लाईट गेली. शेठनं नवा जनरेटर घेतलेला होता, तो सुरू केला. गाडी निघाली. ज्ञानूनं बटण दाबलं.

जनरेटरच्या ताकदीवर गाडी कधी नव्हे एवढ्या चटकन चढली. वर साखळी सुटली तेव्हा स्पीकरवर अजून चढाचीच हलगी चालू होती. मग व्हायोलिनं लागली. गाडी खाली निघाली होती आणि संगीत अजून वरच होतं. ज्ञानू दांड्याला हात लावून शेवटच्या ठोक्याची वाट बघत होता. ठोका पडला तेव्हा गाडी फलाटावर येऊन उभ्या गाडीवर आदळली होती. उभ्या गाडीत शाहूवाडीकडची एक सून चढत होती. एक पाय आत, एक फलाटावर. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. तिचा नवरा तिच्या चपला हातात घेऊन सगळ्यांना विचारत हिंडत होता की हिला कुठं नेलं.

पोलिसांनी ज्ञानूला त्याच संध्याकाळी उचललं. ब्रेक उशिरा लावला, बेजबाबदारपणा केला, सरळ केस. तो एकच सांगत होता, साहेब, ठोक्यावर ओढला. साहेबांनी आधी विचारलं कसला ठोका, मग विचारलं किती घेतली होतीस. शेठ तसा मनानं वाईट नव्हता. जखमींच्या दवाखान्याला पैसे त्यानंच भरले, बाईच्या घरी जाऊन रडला. पण अतुलला त्यानं बाजूला घेतलं आणि म्हणाला, तू यात नाहीस, संगीताला कोण विचारतंय, ती सीडी घेऊन जा आणि गप बस. अतुलनं सीडी घेतली आणि पंचगंगेच्या पुलावरनं टाकली. पाण्यात ती चकाकत गेली, तो बघत राहिला.

चौकीवर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. विसावा मी बुजवला, त्याला साखळी ऐकू येत नव्हती, त्यानं सांगितलं होतं. एवढ्यानं ज्ञानू सुटला असता का, कुणास ठाऊक. पण दारुडा तरी ठरला नसता. अतुल रोज ठरवायचा आणि रोज चौकीच्या पुढच्या चौकातनं माघारी वळायचा. लाज वाटायची त्याला. पण लाज वाटण्यानं काय होतंय? तोंड काही उघडलं नाही.

शेवटी चिमणाबाई आली. आबा ओसरीवर बसले होते, अतुल दारात. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं, कुणावर चिडली नाही, ओरडली नाही. तिला फक्त एक समजून घ्यायचं होतं.

"आबा, त्यो म्हणतोय ठोक्यावरच ओढला. माझं प्वार खोटं बोलत न्हाय. तुमचा ठोका चुकला हुता का?"

आबांची मान ताठ झाली. त्यांच्या ठोक्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते अतुलकडं वळले.

"त्या नव्यात विसावा हाय न्हवं?"

नुसतं व्हय म्हणाला असता तरी खोटं पचलं असतं, सीडी नदीत होती. पण बापाच्या डोळ्यांपुढं खोटं येईना आणि खरं निघेना. आबा त्याच्याकडं बघत राहिले. मीनाबाई आतनं भांडं हातात घेऊन आली आणि तिथंच थांबली. अतुलला आतनं वाटत होतं, आबांनी उठून थोबाडीत द्यावी, फरफटत चौकीवर न्यावं, म्हणजे एकदाचं सुटलो. आबा चिमणाबाईकडं वळले.

"व्हय आक्का. ठोका चुकला. माझाच चुकला."

दुसऱ्या दिवशी स्वच्छ कपडे घालून ते चौकीवर गेले आणि तेच सांगितलं. हवालदार हसले. हलगीवर कलम कुठलं लावायचं, आजोबा? घरी जा म्हणाले. पण गाव कलम बघत नाही. आबांच्या हलगीनं बाई मेली, मढ्याची हलगी पार्कात वाजवल्यावर दुसरं काय होणार, असं माणसं बोलायला लागली. पार्टीची बोलावणी बंद झाली. आबांनी कुणाला खुलासा दिला नाही. एका सकाळी त्यांनी ती नवी हलगी अंघोळीच्या बंबात घातली. चामडं जळल्याचा वास घरभर झाला. अतुल अंघोळीला गेला नाही, आणि आबांनी त्याला त्यानंतर कधी नावानंही हाक मारली नाही. ताट वाढलंय, असं मीनाबाईमार्फत सांगायचे.

ज्ञानूला शिक्षा झाली. पार्क मोडीत निघालं, शेठनं जागा विकली. अतुल ऑर्केस्ट्रात वाजवत राहिला, पण कुठंही संगीत थांबलं, गाण्यात नुसती श्वासाएवढी जागा आली, की त्याचे हात घाबरेघुबरे होऊन काहीतरी भरायला धावायचे. गाणारे वैतागायचे. त्याला सांगता यायचं नाही.

आबा गेले ते ज्ञानू सुटून आला त्याच पावसाळ्यात. वस्ती जमली, वंदना झाली. हलगी नव्हतीच, ती पिराजीपासनं बंद. विसावा मात्र राहिला होता. कुणाचाही धम्म झाला तरी खांदा दुखतोच. अर्ध्या वाटेवर तिरडी टेकवली. माणसं बाजूला झाली. गर्दीतनं एक जण पुढं आला, केस बारीक कापलेले, गाल बसलेले. अतुलनं त्याला ओळखलं आणि खाली बघितलं. ज्ञानू आबांच्या पायाशी वाकला, मग अतुलच्या समोरच्या बाजूच्या दांड्याशी येऊन उभा राहिला. लांब कुठंतरी विहिरीवर रहाट करकरत होता, तो स्वच्छ ऐकू येत होता. कुणीच 'चला' म्हणत नव्हतं.

"एवढाच येळ पायजे हुता, दादा," ज्ञानू म्हणाला.

तो चिडून बोलला नव्हता. अतुलनं मान वर केली नाही. मग मागनं कुणीतरी 'चला' म्हणालं, ज्ञानूनं आपल्या बाजूचा दांडा खांद्यावर घेतला, आणि अतुलला दुसऱ्या बाजूनं उचलावं लागलं.